घोड्यांचं तेवढं नको

रविवारी दुपारी साडेचारला फोन वाजला की तो अक्काचाच, हे आमच्या धुळ्याच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. नातवंडं आतूनच ओरडायची, "आजी, घोडीवाल्या आजींचा फोन!" त्या रविवारीही वाजला. मी चहाचा कप बाजूला सारून थेट म्हटलं, "बोल, आज काय नवीन खोटं शोधून काढलंस?" पलीकडून तिच्या धाकट्या भावाचा, नानांचा आवाज आला, "कमलताई, मी नाना बोलतोय. अक्का गेली… सकाळीच." माझ्या तोंडून निघालेलं ते वाक्य मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. आता टोचत नाही. अक्कानं ते ऐकलं असतं तर खदाखदा हसून दुप्पट टोला हाणला असता, याची मला खात्री आहे.

विमलअक्का पिंप्राळ्यात नानांकडे राहायची. आयुष्यभर यावलला गणित शिकवलं, निवृत्त झाली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून भावाच्या वरच्या मजल्यावर आली. तिला जाऊन सहा आठवडे झालेत. मधे नानांनीच मला सांगितलं, "तुम्ही पेपरच्या पुरवणीत अधूनमधून लिहिता, तर अक्कावर चार शब्द लिहा. शिक्षिका म्हणून लिहा, स्वभावाबद्दल लिहा. फक्त… घोड्यांचं तेवढं नको. माणसाच्या मागं नको त्या गोष्टी कशाला?" मी "बघते" म्हटलं. आणि आता सरळ सांगते, मी घोड्यांचंच लिहिणार आहे. घोडे नव्हे, घोड्या. अक्काला या फरकाचं फार होतं. घोड्या वगळून अक्कावर लिहायचं तर कागद कोराच द्यावा लागेल.

आमची ओळख जळगाव-धुळे एस.टी.त झाली. मी तेव्हा धुळे स्टँडवर रिझर्वेशनच्या खिडकीत बसायचे आणि सुट्टीवरून परत येत होते. शेजारच्या सीटवर सुती साडी, अंबाडा, जाड भिंगांचा चष्मा, अगदी चित्रातली मास्तरीण. या बाईंनी मांडीवर इंग्रजी पेपर पसरला, मला वाटलं अग्रलेख वाचतील. तर बाईंनी मागचं पान काढलं आणि पेन्सिलीनं रेसच्या रकान्यातल्या घोड्यांची नावं एकेक करून खोडायला सुरुवात केली. मी वाकून बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "नर खोडतेय. उरलेलं वाचायचं." माझा मामा पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखायचा. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या मी तबेल्याच्या वासात काढल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, ती चौथी खोडू नका, ती घोडी आहे. नावावर जाऊ नका." तिनं चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. एरंडोल येईस्तोवर आम्ही भांडत होतो आणि पारोळ्याला मला कळलं की ही बाई आता आयुष्यातून जाणार नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी, नाहीतर काही जण लगेच नाक मुरडतील. अक्कानं कधी पैसा लावला नाही. मीही नाही. लोकांना हे पटत नाही. क्रिकेट बघणारा मुलखाचा शौकीन आणि रेस बघणारा मात्र जुगारी! आम्हाला फक्त पळणारी घोडी बघायची असायची आणि नंतर तिच्यावरून कडाकडा भांडायचं असायचं. अक्काचं म्हणणं एकच होतं. घोडी जिंकली की पेपरात येतं, 'घोडी असूनही जिंकली'. त्या 'असूनही'वर तिचा दात होता. मोठ्या शर्यतींत नर घोड्यांपेक्षा घोडीच्या पाठीवर दीड किलो वजन कमी देतात, त्यावर तर ती उखडायचीच. "कुणी मागितलं होतं यांच्याकडं दीड किलो? द्या की सारखं वजन आणि बघा!" शाळेत तिची गणितंही तशीच. एक घोडी बाराशे मीटर इतक्या सेकंदांत पळते, तर सोळाशेला किती? हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "बाई, जरा आगगाडीची उदाहरणं घ्या." तिनं शांतपणे विचारलं, "सर, आगगाडीला दम लागतो का? शेवटच्या चारशे मीटरला ती मंदावते का? मग पोरांना खरं गणित कसं शिकवू?" यावलची तिची जुनी मुलं अजूनही शेवटच्या चारशे मीटरचं गणित विसरलेली नाहीत.

आमचं खरं भांडण मात्र दोन घोड्यांवरून. तिची मिस अंगार आणि माझी सायलेंट शरयू. अंगार गेट उघडल्यापासून पुढं, कुणाच्या बापाला पुढं जाऊ द्यायची नाही. शरयू मागं राहायची, अगदी शेवटून तिसरी-चौथी, आणि वळण संपलं की अशी सुटायची की माझ्या अंगावर काटा यायचा. दोघींची वर्षं वेगळी, त्या एकदाही समोरासमोर धावल्या नाहीत, त्यामुळे निकाल लागायची सोयच नव्हती. अक्का रागावली की तिची भाषा घरची व्हायची. "तुनी शरयू काय करस वं? बठ्ठा थकनात का मंग हाई हळूच पुढं येस. त्याले काय पराक्रम म्हनतस?" मी म्हणायचे, "अगं, बाकीचे थकले म्हणून नाही, सगळ्या नरांपेक्षा जास्त वजन पाठीवर घेऊन जिंकलीय माझी शरयू. तुला सारखं वजन हवं होतं ना? हिनं जास्त घेतलं! आता बोल." यावर ती फोन आपटायची आणि दहा मिनिटांनी परत करायची. आमच्यात पंच म्हणून धुळ्याचे रशीदभाई होते, लग्नाच्या वरातीला घोडी देणारे. त्यांच्याकडे मुन्नी नावाची एक उंच तांबडी घोडी होती, मूळची रेसची. सात शर्यती पळली, एकही जिंकली नाही, फिरत फिरत धुळ्याला आली. रशीदभाई दोघींचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "अक्का, कमलबेन, तुम्ही दोघी बरोबर. पण माझ्या मुन्नीच्या पाठीवर दीडशे नवरदेव बसले, एकालाही पाडलं नाही. चॅम्पियन कोण, सांगा?" अक्का गंभीर होऊन म्हणायची, "मुद्दा आहे."

मिस अंगारची शेवटची शर्यत बघायला आम्ही दोघी पुण्याला गेलो. नानांना तिनं सांगितलं, कमलच्या भाचीचा साखरपुडा आहे. भाचीचं लग्न होऊन तिचं पोर शाळेत जात होतं, पण असो. रेसकोर्सवर प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये आमच्या मागं तिघं-चौघं उभे होते. त्यातला एक जाडगेला मोठ्यानं म्हणाला, "घोडी आहे, ऐनवेळी कच खाणार. बाईमाणसाचं कसं असतं!" अक्का वळली. "दादा, तुम्ही हा जिना चढताना तीनदा थांबलात, मी बघितलं. ती दोन हजार मीटर पळणार आहे. जरा मानानं बोला." आसपासचे लोक हसले. अंगार पळाली, सुरुवातीपासून पुढं. शेवटच्या शंभर मीटरला एका घोड्यानं तिला गाठलं. दोघं बरोबरच पोस्ट, म्हणजे शर्यत संपते तो खांब, ओलांडून गेले. निकालासाठी काढतात त्या फोटोत ती नाकाच्या टोकाएवढ्या अंतरानं हरली. मागचा जाडगेला "बघा!" म्हणून ओरडला. अक्का कठड्याला धरून उभी होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती. घोडी तबेल्याकडे नेईपर्यंत ती थांबली नाही. मग पदरानं तोंड पुसून मला म्हणाली, "ती हारनी नही वं. पोस्टच लवकर वना." परतीच्या बसमध्ये त्या 'लवकर आलेल्या' पोस्टवरून मी तिला एकदाही चिडवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भरपूर चिडवलं.

आता पुढचं. ती गेल्यावर पिंप्राळ्याला लोक सांत्वनाला दारावर यायला लागले. ओसरीत बसून मी दहा दिवस ऐकलं. फार सोशिक होत्या. कुणाला कधी उलटून बोलल्या नाहीत. देवदेव करायच्या. अरे, कुणाबद्दल बोलताय? उलटून न बोलणारी ती बाई मला भेटलीच नाही कधी! सुतक संपण्याच्या विधीची, गंधमुक्तीची पत्रिका छापून आली, त्यात लिहिलं होतं 'मितभाषी'. मी ती पत्रिका हातात घेऊन अशी हसले की नानांच्या सूनबाईंना वाटलं मला दुःखानं काही झालं, त्यांनी पाणी आणून दिलं.

आणि मग गंधमुक्तीच्या दिवशी मांडवात तो फोटो. हार घातलेला, मोठा, निळ्या पार्श्वभूमीचा. अक्का त्यात तोंडभर हसतेय आणि उजवा हात खांद्याएवढा वर उचललेला, पंजा पुढं. येणारा प्रत्येक जण वाकून म्हणत होता, "काय सुंदर फोटो! अक्का आशीर्वाद देताहेत." एका बाईंनी तर त्या पंजाखाली नातवाचं डोकं नेऊन टेकवलं. तो फोटो मी काढला होता, रशीदभाईंच्या तबेल्यात. तो हात आशीर्वादाचा नव्हताच, मुन्नीच्या मानेवर होता. स्टुडिओवाल्याला सांगून मुन्नी कापून काढली होती. घोडी गेली आणि हात हवेत राहिला. रशीदभाई मांडवाच्या कडेला उभे होते, ते फोटोकडे बघून खाली मान घालून बसले. मी नानांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "कमलताई, चारचौघांत घोडी कशी लावायची? लोक काय म्हणतील, मास्तरीणबाई आणि रेसचा नाद!" त्या दिवशी मी काही बोलले नाही. मांडव होता, जेवणाच्या पंगती बसत होत्या.

पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही, आणि अक्काच्या बाबतीत तर नाहीच. काही जण मला सुचवतात, आता ती गेली, तेव्हा मान्य करून टाक की मिस अंगार मोठी. का म्हणून? मेली म्हणून तिला जिंकू द्यायचं? ते तर दीड किलो कमी देण्यासारखंच झालं. तिला ते कधीच आवडलं नसतं. शरयूच मोठी होती, अक्का, आणि तू जिथं असशील तिथं चडफड!

एवढं लिहून मी गेल्या आठवड्यात पिंप्राळ्याला गेले. नानांना न दाखवता छापणं मला बरं वाटेना. विरोध करायचा तर तोंडावर, पाठीमागं नाही. सोबत मुन्नीसकटचा मूळ फोटोही घेतला होता. नाना खुर्चीत बसले, मी सगळं मोठ्यानं वाचलं, 'घोडी कशी लावायची'सकट. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी शेवटचा भाग वाचला, जो मी खास त्यांच्यासाठी राखला होता. अक्का-नानांचे वडील जळगाव स्टेशनवर टांगा हाकायचे, हे आज या घरात कुणी बोलत नाही. अक्का पंधरा वर्षांची असताना वडिलांचा पाय चाकाखाली आला आणि दोन महिने तो टांगा अक्कानं हाकला. परकर-पोलक्यातली पोर, हातात लगाम, स्टेशनापासून भर बाजारातून पिंप्राळ्यापर्यंत. लोक हसायचे, शिट्ट्या मारायचे. ती मला नेहमी सांगायची, "मला काही वाटायचं नाही. माझा नाना माझ्याशेजारी पुढच्या फळीवर ताठ बसलेला असायचा ना. सात वर्षांचा. चाबूक तोच धरायचा." मी तेच जसंच्या तसं लिहिलं होतं.

"थांबा," नाना म्हणाले. "हे खोटं आहे."

माझा पारा चढला. "नाना, अक्कानं स्वतःच्या तोंडानं मला वीस वेळा सांगितलंय. आता टांगाही कापून काढायचा का?"

"टांगा खरा आहे," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "मी शेजारी नव्हतो बसत. मी खाली, पाय ठेवायच्या जागेत, गवताचं पोतं अंगावर ओढून बसायचो. शाळेतल्या पोरांनी बघू नये म्हणून. बाजार आला की अक्काच सांगायची, नाना, लप… आणि घर आलं की पोतं काढायची, केसातलं गवत झटकायची." त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला. "तिनं तुम्हाला असं सांगितलं, होय? शेजारी बसायचो म्हणून?"

मी कागदाची घडी घालायला लागले. म्हटलं, "तेवढं काढून टाकते, नाना."

"काढू नका. दुरुस्त करा," ते म्हणाले. "पोतं लिहा. माझं नाव घालून लिहा." मग उठले, भिंतीवरचा हातवाला फोटो स्वतः खाली उतरवला, आणि मुन्नीसकटचा घेऊन त्याच खिळ्याला अडकवायला स्टूल ओढू लागले. मी स्टूल धरून उभी राहिले.