गिरावीनचे श्री. गद्रे

आपल्या मासिकाच्या वाचकपत्रांत गेल्या दोन वर्षांत ज्यांची सहा पत्रं छापून आली, ते सिडनीतल्याच गिरावीन भागातले श्री. मनोहर गद्रे कधीच अस्तित्वात नव्हते. ती पत्रं मी लिहिली. मी या मासिकाचा संपादक, आणि ज्याच्याविरुद्ध ती पत्रं होती तो प्रफुल्ल माझा सिडनीतला सगळ्यात जुना मित्र. त्याला जाऊन सात आठवडे झाले. त्याच्यावरचा लेख मीच लिहावा असं आपल्या मराठी मंडळाने सुचवलं, कारण त्याला माझ्याइतकं जवळून कोणी ओळखत नव्हतं. ते खरं आहे. म्हणूनच कुठे लागेल हे मला नेमकं माहीत होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही दोघे वेंटवर्थव्हिलला एका घरात भाड्याने राहायचो. मी पुण्याचा, तो नागपूरच्या अजनीचा. त्याचे वडील रेल्वेच्या यार्डात डबे धुवायचे आणि प्रवासी सीटवर विसरून गेलेली पुस्तकं घरी आणायचे. ती बहुतेक कॉमिक्स असायची, कारण पुस्तकं विसरतात ती मुलं. पुष्कळदा शेवटची पानं गेलेली असायची. "शेवट मीच लावायचो बे," तो म्हणाला होता, "अन् दुसऱ्या दिवशी बदलून टाकायचो." घरात दुसरं पुस्तक नव्हतं, हे त्याने मला पहिल्या हिवाळ्यात, आमच्या एकुलत्या एका हीटरसमोर बसून सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज खाली गेला होता. पुढे तो पाण्याच्या पाइपलाइनी टाकणारा मोठा इंजिनिअर झाला, वंदनाशी लग्न झालं, मुलगी झाली मैत्री, घर झालं... पण दर बुधवारी कामावरून सुटला की तो पॅरामॅटाच्या एका कॉमिक्सच्या दुकानात जायचाच. नवे अंक बुधवारी येतात.

चार वर्षांपूर्वी मी संपादक झालो, तेव्हा पानं भरायची म्हणून त्याच्याकडे सदर मागितलं. त्याने नाव दिलं 'सध्या चालू'. ज्या मालिका अजून संपलेल्या नाहीत, दर महिन्याला ज्यांचा नवा अंक येतो, त्यांतल्या कुठल्या वाचाव्यात एवढंच तो सांगायचा. संपलेल्यांबद्दल का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "संपलेलं पुस्तक कधीही वाचता येते. चालू असलेलं आत्ताच वाचावं लागते. वाचक कमी झाले की ते लोक मधेच बंद करतात, अन् पोरगी पुलावर उभी ती उभीच राहते." मालिकांना तो स्वतःची मराठी नावं द्यायचा. मेलबर्नच्या दोन बहिणी काढतात ती 'पोस्टवाली': खाण बंद पडून ओस झालेल्या गावात एकटी उरलेली बाई, गाव सोडून गेलेल्यांची पत्रं रोज त्यांच्या रिकाम्या घरांत नेऊन टाकते. अमेरिकेतली 'परीटघाट': शहर वाचवणाऱ्या वीरांचे झगे धुणारी विधवा, जिला डागांवरून कळतं की काल रात्री कोण खरंच लढलं आणि कोण नुसतं पडून राहिलं. "दोन अंक धीर धरा," तो लिहायचा, "चित्रकाराचा हात तिसऱ्यात मोकळा होतो." किंवा, "या बाईचा चेहरा सात पानं दाखवलेला नाही. आठव्या पानावर घाईने जाऊ नका." हे चांगलं लिखाण होतं. मला ते तेव्हाही कळत होतं.

परदेशातल्या मंडळाचं मासिक ज्यांनी चालवलं आहे त्यांना वाचकपत्रांचं पान माहीत आहे. पत्रं येत नाहीत. पान मोकळं जाऊ नये म्हणून संपादक स्वतःच एखादं लिहून खाली काहीतरी नाव टाकतो. 'दिवाळी अंक आवडला' छापाची पत्रं मीही लिहायचो. पण दोनेक वर्षांपूर्वी मंडळाच्या एका बैठकीत दोघांनी 'सध्या चालू'चं कौतुक केलं आणि माझ्या अग्रलेखाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. घरी येऊन मी श्री. गद्रे यांचं पहिलं पत्र लिहिलं: 'संपादक महोदय, आपला बालविभाग हल्ली पुढच्या पानांवर आलेला दिसतो. सदराच्या लेखकांचं वय किती? आठवीच्या पुढे असल्यास काळजी वाटते.' अंक गेला आणि मला फोन आले. हे गद्रे कोण रे, भारी लिहितात, त्यांच्याकडून आणखी घे. माझ्या लिखाणासाठी आयुष्यात आलेले ते पहिले फोन. हे मला त्याच संध्याकाळी थांबवता आलं असतं. मी दुसरं पत्र लिहायला बसलो.

प्रफुल्ल चिडला नाही. तो खूश झाला. "एक तरी माणूस शेवटपर्यंत वाचून रागावला," म्हणाला. पुढच्या महिन्याचं सदर त्याने 'गद्रेसाहेब, या वेळी खास तुमच्यासाठी' असं सुरू केलं, आणि मग ते कायमचं गद्रेसाहेबांसाठीच झालं. ते कोण, काय करायचे, तो मला खोदून खोदून विचारायचा. मी सांगत गेलो. बँकेतून रिटायर झालेत, बायको गेली, मुलाकडे आलेत, गुडघे धरलेत. "एकटे असतील बे," तो म्हणाला. "दिवसभर त्या घरात करत काय असतील? भेटव ना एकदा." ते कोणाला भेटत नाहीत, असं मी सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, लिहून लिहूनच वळवू त्यांना. त्याच्या डोक्यात एक स्पर्धा सुरू झाली होती आणि ती त्याला जिंकायची होती. त्याच्या माणसांतल्या, जन्मभर पुस्तकांत वाढलेल्या एका तरी म्हाताऱ्याने एक अंक हातात घेऊन 'हे चांगलं आहे' म्हणावं, बस. एवढंच त्याला हवं होतं.

चौथ्या पत्रात मी लिहिलं: 'ज्यांच्या घरी लहानपणी पुस्तक नव्हतं, त्यांनी चित्रांना साहित्य म्हणावं यात नवल नाही. दोष त्यांचा नाही. पण त्यांचं बालपण आम्ही दर महिन्याला का वाचावं?' अंक पोचल्या दिवशी त्याचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "याला कसं समजलं रे?" मी म्हणालो, "अंदाजाने लिहिलं असेल." तो म्हणाला, "हो... तसं बरोबरच आहे म्हणा." मी फोन ठेवला, आणि मला लाज वाटली असं लिहायला मला आवडेल. तसं झालं नाही. पत्र लागलं होतं याचं मला समाधान वाटलं. त्या गणपतीत आमच्या सूत्रसंचालकाने ते पत्र माइकवरून, म्हाताऱ्याचा आवाज काढून वाचलं. हॉलमध्ये दोनशे माणसं हसली. प्रफुल्ल तिसऱ्या रांगेत होता, तोही हसला, आणि हसता हसता शेजारी बघत राहिला, की यांच्यात कुठे गद्रे बसलेत का. वंदना हसली नाही.

मागच्या वर्षीच्या शेवटी त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. त्याने मला पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगितलं, आणि लगेच विचारलं की सदर थोडं आधी पाठवलं तर चालेल का, पुढच्या आठवड्यात केमो आहे. त्यानंतर दहा दिवसांनी मी श्री. गद्रे यांचं सहावं पत्र लिहिलं. 'सदराचे लेखक दोन वर्षांत मोठे झालेले दिसत नाहीत. आता होतील अशी आशाही नाही.' मला निदान माहीत होतं. मी ते वाक्य काढलं नाही, कारण ते चांगलं जमलं होतं.

शेवटच्या महिन्यात तो हॉस्पिटलमध्येच होता. मी जायचो. तो सारखा गद्रेसाहेबांचंच विचारायचा, रागावलेत का अजून, वाचतात का. एका गुरुवारी त्याचा चेहरा बघून मी बोलून गेलो, "शनिवारी येतो म्हणालेत." त्याने माझा हात धरला. शनिवारी मी एकटाच गेलो आणि त्यांचे गुडघे सुजल्याचं सांगितलं. तो उशीला टेकून ताठ बसला होता. "असू दे, असू दे," म्हणाला. "या वयात कशाला त्रास." मंगळवारी दुपारी वंदनाचा फोन आला, तेव्हा मी वाचकपत्रांचं पान लावत होतो.

तीन आठवड्यांनी वंदनाने मला दुकानात सोबत येशील का विचारलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी तिथे काउंटरमागे एकेक कप्पा असतो, तुमच्या मालिकेचा अंक आला की तुमच्या नावाच्या कप्प्यात टाकून ठेवतात. प्रफुल्लचा कप्पा बंद करायचा होता. दुकानदाराने, दाढीवाल्या मोठ्या माणसाने, तिला बघून टोपी काढली आणि विचारलं, "बोथ ऑफ देम, लव्ह?" दुसऱ्या कप्प्यावर इंग्रजीत गद्रे लिहिलं होतं. आत पंचवीसेक अंक, प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येकावर प्रफुल्लच्या अक्षरात पिवळी चिठ्ठी. 'गद्रेसाहेब, पान नऊ, डावीकडचा कोपरा.' 'हा थोडा बोअर आहे, पण सोडू नका, पुढे गरज पडते.' 'यात तुमच्यासारखे एक गृहस्थ आहेत. वाईट वाटून घेऊ नका, ते शेवटी चांगले निघतात.'

"मी विसरूनच गेले होते," वंदना म्हणाली. "भेटले की एकदम देईन म्हणायचा. अजित, त्यांचा पत्ता तुझ्याकडे असेल ना? आत्ताच देऊन टाकू. गिरावीन काही लांब नाही."

अंकांची पिशवी घेऊन आम्ही गाडीत बसलो. तिने फोनवर नकाशा उघडून माझ्यापुढे धरला.

"वंदना, गद्रे नाहीत."

"गेले?"

"नव्हतेच. ती पत्रं मी लिहायचो."

तिने अंकांची पिशवी माझ्या बाजूने उचलून स्वतःच्या पायाशी ठेवली.  मी म्हणालो, मला वाटतं त्याला कळलं होतं, तो मला ओळखून होता, कळून खेळत होता. तिने हो म्हणावं म्हणून मी अक्षरशः तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"नाही," ती म्हणाली. "त्याला कळलं नव्हतं. कळलं असतं तर मला सांगितलं असतं. आणि या चिठ्ठ्यांवर तुझं नाव घातलं असतं." मग म्हणाली, "मैत्रीला तू सांग. मी सांगणार नाही."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. मैत्री वीस वर्षांची आहे, युनिव्हर्सिटीत शिकते. मी सांगितलं ते तिने टेबलापलीकडे बसून, हात बांधून ऐकलं. मी म्हणालो, "सॉरी, मैत्री."

"सॉरी फॉर व्हॉट, काका?"

"जे झालं त्याबद्दल."

"नो. इट डिडन्ट जस्ट हॅपन." मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि मधेच इंग्रजी सोडून मराठीत आली, जे ती माझ्याशी कधी करत नाही. "त्या शनिवारी बाबाने सकाळचा पेनकिलर घेतला नाही. नर्सला नको म्हणाला. झोप येते, आणि मग गद्रे आजोबांशी नीट बोलता येणार नाही. चार तास, काका. तो बेडची दांडी धरून बसला होता. मी म्हटलं घे ना, तर म्हणाला, ते येऊन जाऊ देत. तुम्ही आलात तेव्हा... तेव्हाही त्याने घेतलेला नव्हता." मग ती परत इंग्रजीत गेली. "सो से इट प्रॉपरली."

मी उभा राहिलो. बसून बोलणं बरं वाटेना. म्हणालो, "मैत्री, मनोहर गद्रे असा माणूस नव्हता. ती पत्रं मी लिहिली. तुझा बाबा माझ्याहून चांगलं लिहायचा, लोक त्याचं वाचायचे, ते मला सहन झालं नाही. त्याने विश्वासाने मला सांगितलेली गोष्ट मी त्याच्यावरच वापरली. तो आजारी आहे हे माहीत असताना वापरली. त्या शनिवारी कोणी येणार नव्हतं हे मला गुरुवारीच माहीत होतं, आणि तो माझ्या खोट्यासाठी चार तास दुखणं सोसत बसला. मी आलो तेव्हा सांगितलं असतं तर निदान त्याला औषध तरी घेता आलं असतं. तेवढंही मी केलं नाही. मला त्याची माफी मागायची होती आणि मी ती मागितली नाही. ती आता तुझ्याकडे मागतो. तू मला माफ करायलाच हवं असं नाही. त्याचं लिखाण चांगलं होतं, मैत्री. हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही."