टोटल लॉसची गाडी

बारामतीत भिगवण रस्त्याला एका गोदामाच्या मागं, पत्र्याच्या शेडखाली मी ती मोटरसायकल पहिल्यांदा बघितली. तिचं पुढचं चाक मागं सरकून इंजिनाला टेकलं होतं. हेडलाइटच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. टाकीवर मात्र एक ओरखडा नव्हता. गोदामवाला विमा कंपन्यांकडून अपघाताच्या गाड्या उचलायचा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या पुढं जातो असं दिसलं, की कंपनी मालकाला भरपाई देते आणि सांगाडा अशा माणसाला विकते. या धंद्यात तिला टोटल लॉसची गाडी म्हणतात.

"सुटे भाग काढायला नेताय का?" त्यानं विचारलं.

"नाही. चालवायला."

तो हसला, पण गाडी दिली.

मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. उपकरणं सांभाळायची, मुलांनी बिघडवलेली नीट करायची, हे माझं काम. घर डाळजला. रोजच्या एसटीला मी कंटाळलो होतो हे खरं, पण नवी गाडी घेता आली असती. मोडलेली गाडी आपल्या हातानं उभी करून बघावी, ही खाज होती. दुसरं कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

चार महिने लागले. पुढचे दोन्ही शॉकअप आणि चाक बदललं. चॅसिसला हँडलखाली पीळ बसला होता. तो बारामतीतल्या एका कारागिरानं सांगाडा लोखंडी चौकटीत आवळून काढला. बाकीचं मी अंगणात केलं. दोन्ही चाकांच्या कडेनं सूत ताणून बघितलं, ओळंबा सोडून बघितलं. सगळं एका रेषेत आलं. त्या दिवशी मी भिगवणपर्यंत जाऊन आलो आणि स्वतःवर खूश झालो.

मग कागद अडला. गाडी अजून पहिल्या मालकाच्या नावावर होती. गोदामवाल्यानं दिलेल्या फॉर्मवर त्या मालकाची सही होती, पण आरटीओ ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म परत केला. जुन्या कागदावरची सही गोल, सफाईदार होती. फॉर्मवरची तुटक होती, पहिलीतल्या मुलानं काढावी तशी.

"ही त्यांची सही नाही," बाई म्हणाल्या. "मालकाला समोर आणा."

कागदावर पत्ता पळसदेवचा होता. मी एका रविवारी गेलो. मालक उजनी धरणाच्या पाण्याकाठी सापडले. पन्नाशीचे असतील. दगडावर बसून डाव्या हातानं मासे निवडत होते, लहान एका टोपलीत, मोठे दुसऱ्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. ठेवलेलाच होता, कारण तो आपला आपण हलत नव्हता. त्यांची बायको होडीतून जाळं उतरवत होती.

मी कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. फॉर्म दाखवला.

"सही माझीच हाय," ते म्हणाले. "डाव्या हाताची. उजव्याच्या खांद्यातल्या नसा तुटल्या. डाक्टर म्हनला, आता त्यात ताकद येत न्हाय."

मी म्हणालो, "आबा, तुम्हाला बारामतीला यावं लागेल. ऑफिसात समोर सही करायला."

"येतो की." मग त्यांनी विचारलं, "ती चालती व्हय आता?"

"चालते. तीच घेऊन आलोय. वर रस्त्याला लावलीय."

बायकोनं जाळं सोडलं आणि माझ्याकडं बघितलं. "एसटीनं जावा," ती त्यांना म्हणाली.

पुढच्या मंगळवारी मी रजा काढून त्यांना घ्यायला गेलो, तेव्हा ते धुतलेला सदरा घालून रस्त्यावर उभे होते. उजवा हात गळ्यातल्या उपरण्यात अडकवला होता. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टाकीवर हात फिरवला. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन मागं बसले.

हायवेला लागलो. मी हळू चालवत होतो. डाळजच्या अलीकडं त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

"हितं थांबा जरा."

मी गाडी कडेला घेतली. ते उतरले, रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी बघत थोडं पुढं गेले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. डांबर, पलीकडं ऊस.

"उसाची ट्रॉली उभी हुती," ते म्हणाले. "दिवेलागणीची येळ. मागं लाल दिवा बी न्हाय, पांढरं बी न्हाय, नुसता ऊस. मला वाटलं शेतच हाय." मग वळून गाडीकडं आले. "चला."

पुन्हा निघाल्यावर भिगवणच्या पुढं ते एकदाच बोलले. "पावणं, गाडी डावीकडं वढती."

"नाही आबा, सूत लावून बघितलंय."

"सुताला काय कळतंय? बुडाला कळतंय. आधी वढत नव्हती."

ऑफिसात त्यांनी बाईंसमोर फॉर्म ओढून घेतला आणि डाव्या हातानं सही केली. बाईंनी दोन सह्या शेजारी धरल्या.

"अशी का? हात बदलून करा."

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उपरण्यातून काढला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा टेबलावर ठेवला. बाईंनी तो बघितला, मग त्यांचं आधार कार्ड बघितलं, चेहरा बघितला आणि फॉर्मवर काहीतरी लिहून शिक्का मारला. त्यानंतर त्या आमच्याकडं न बघता बोलल्या. "झालं. जावा."

बाहेर आल्यावर मी त्यांना सोडायला येतो म्हणालो. ते म्हणाले, "आता एसटीनं जातो." मी त्यांना स्टँडवर नेलं. बस लागेपर्यंत आम्ही चहा प्यायलो. उजनीचं पाणी यंदा लवकर उतरतंय, एवढंच ते म्हणाले. परत भेट झाली नाही.

घरी येऊन मी मागचं चाक उतरवलं. चाक धरणारा चिमटा नखभर तिरका होता. माझं सूत चाकांच्या खालच्या कडेला लावलेलं होतं, तिथं ते कळत नव्हतं. चिमटा बदलल्यावर ओढणं बरंच कमी झालं. हात सोडला तर थोडं राहिलंच.

तीन वर्षं गाडी चालवली. मग मुलगी झाली आणि जुनी कार घेतली. गाडी विकायला काढली. पहिल्या दोन गिऱ्हाइकांना मी सगळं सांगितलं. एकजण चहासुद्धा न घेता गेला. शेजारच्यानं समजावलं, "आरसीवर लिहिलंय का कुठं? मग तुम्ही कशाला गावभर सांगताय?"

ते बरोबर होतं. कागदावर काही नव्हतं. आधीचा एक मालक आणि मी, एवढंच.

तिसरं गिऱ्हाईक इंदापूरचं होतं. दूध संकलन केंद्रात काम करणारा तरुण आणि त्याची बायको. ती वाडीवरच्या अंगणवाडीत होती, तिला रोज सोडायला गाडी पाहिजे होती. त्यानं इंजिनाचा आवाज ऐकला, टायर बघितले. शेवटी विचारलं, "ठोकलेली-बिकलेली न्हाय ना?"

"नाही," मी म्हणालो.

जीभ अडखळली नाही, याचंच मला नंतर नवल वाटलं. गाडी रीतसर त्याच्या नावावर केली. अंगणातून निघताना त्याची बायको मागं एका बाजूला बसली, पर्स मांडीवर धरली आणि मला हात केला.

पुढं काही झालं नाही. कुणी पडलं नाही, कुणाची तक्रार आली नाही. तरी तो हात केलेला डोळ्यासमोरून हलेना. तिसऱ्या रविवारी मी कार काढली आणि इंदापूरला गेलो.

ते दोघं दारात शेंगा फोडत होते. मी बसायच्या आधीच सांगितलं. ट्रॉली, टोटल लॉस, चॅसिसचा पीळ, सगळं. गाडी परत घ्यायची तयारी आहे, असंही म्हणालो.

बायकोनं विचारलं, "मग तवा न्हाय का म्हनला?"

"विकली जावी म्हणून."

"आन् आता का आलाय?"

ती उठून आत गेली, आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही.

तो गाडीपाशी जाऊन उकिडवा बसला आणि चॅसिसवरून बोट फिरवू लागला. पीळ काढला होता ती जागा मी दाखवली. मग तो म्हणाला, "गाडी ऱ्हाऊ द्या. पर समदं लिहून द्या. काय तुटलं हुतं, काय बदललं, कुणी केलं. खाली सही आन् नंबर."

त्यानं वहीचं पान फाडून दिलं. मी ओट्यावर बसून लिहिलं. प्रयोगाच्या वहीत लिहितात तसं: भाग, काय झालं होतं, काय केलं. शेवटी लिहिलं, 'हात सोडल्यास किंचित डावीकडे जाते.' त्यानं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि आरसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं.

त्याची बायको पुढं त्या गाडीवर बसली की नाही, मला माहीत नाही. एसटीनंच जाते, असं एकदा कुणाकडून तरी कानावर आलं. खरंखोटं मी विचारायला गेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत असताना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज वयस्कर माणसाचा होता. अकलूजकडून बोलतोय म्हणाला. "एक गाडी बघतोय. कागदांत तुमच्या सहीची एक चिठ्ठी हाय. ह्यात लिवलंय ते खरं हाय का?"

"खरं आहे."

"समदं?"

"सगळं. शेवटची ओळ वाचली का?"

"वाचली," तो म्हणाला. "चालवून बघतो मग." आणि त्यानं फोन ठेवला.