आवणीचा बॅले आणि सफेदा

गॅदरिंगमध्ये बॅले बसवायचं खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं ते मला पक्कं ठाऊक आहे, पण त्या माणसाची आठवणसुद्धा नको वाटते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्जतच्या एका शाळेत मी शिवण शिकवायचे. बॅलेचा विषय होता भाताची आवणी. म्हणजे ज्या पोरी दर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उभ्या राहून खरोखर रोपं लावायच्या, त्यांना मुंबईहून आलेले नाचाचे गुरुजी रोप कसं लावायचं ते शिकवणार. "करंगळी वर, करंगळी वर!" असं ते ओरडायचे. करंगळी वर ठेवून लावलेलं रोप दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगेल, हे पोरींना कळत होतं. त्या माना खाली घालून हसायच्या.

कपडे माझ्या गळ्यात पडले. आवणीला बायका लुगडं गुडघ्याच्या वर खोचतात, तसंच मी बसवलं. तर कमिटीतल्या एका सद्गृहस्थांना पोरींच्या पिंढऱ्या बघून लाज वाटली. लाज त्यांना, शिक्षा मला. प्रत्येकीला आतून कातडीच्या रंगाची तंग विजार शिवा, असा हुकूम झाला. कापड आलं ते गुलाबी! अशी कातडी कुणाची असते, असं मी विचारलं. "स्टेजवर तशीच दिसते," असं उत्तर मिळालं.

सगळ्यांत चांगली नाचणारी पोर ठाकुरवाडीहून यायची. बाप रेल्वेत गँगमन, घर घाटात. काळीसावळी, काटक, आणि ताल असा अंगात मुरलेला की गुरुजीसुद्धा करंगळी विसरायचे. तिला मध्यभागी ठेवली होती. तिच्या आईने शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. या खेपेला ती पॅसेंजरने खाली उतरणार होती. मी अंगावर माप घेत असले की पोरीचं एकच पालुपद, "बाई, माजी आय येनार हाय. मला मदीच ठेवनार ना? तिला दिसाया पायजे."

लांबच्या मुलांना घरी जायला गाडी मिळावी म्हणून गॅदरिंग दुपारी असे. रंगायची खोली म्हणजे सातवीचा वर्ग. बाकं भिंतीला रचलेली, खिडक्यांना चादरी, आत घामाचा आणि खोबरेल तेलाचा कोंदट वास. लुगडं पुन्हा सोडायला नको म्हणून पोरींना सकाळपासून पाणी दिलं नव्हतं. तरी एका लहानगीला धीर धरवला नाही. तिची ती ओली विजार अंगावरच वाळू दिली, कारण दुसरी नव्हती. रंगवाला कल्याणचा. तोंडात पान. एकाच बोळ्याने तो सगळ्या पोरींची तोंडं रंगवत होता, शेंबडासकट. काजळ सुकलं की त्यात थुंकायचा. "अहो, पाणी घ्या की," म्हटलं, तर म्हणतो, "थुंकीनं टिकतं, बाई."

मग त्याने ठाकुरवाडीच्या पोरीची हनुवटी धरली. "हिला डबल लागणार," म्हणून हसला आणि सफेद्याचे थरावर थर चढवले. मान, कान, हात, काही सोडलं नाही. मी मधे पडले. हेडमास्तर दारातच होते. "शिवणाच्या बाईंनी शिवण बघावं," म्हणाले. पोर डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसली होती. आई येणार म्हणून सगळं सोसत होती. ओळीत उभ्या केल्यावर सगळ्या पोरी नुकता चुना मारलेल्या भिंतीसारख्या दिसायला लागल्या.

नाचली मात्र ती जीव ओतून. टाळ्या पडल्या. हेडमास्तर खूश होऊन आत आले आणि म्हणाले, "वाडीवरची कुठली नि गावातली कुठली, पत्ताच लागला नाही!" याला ते कौतुक समजत होते.

इतक्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. आखूड लुगडं, हातात पानात बांधलेलं काहीतरी खायचं. दारातूनच ओरडली.

"कुनी फसवली माज्या पोरीला? मदी नाचनार सांगून मला घाटातून खाली बोलावली. समदा नाच डोळं फाडून बगितला. कुठं हाय ती? तिला नाचवलीच नाय!"

पोर तिच्या पुढ्यातच उभी होती. "आये," ती म्हणाली, "मीच व्हते गं मदी."

आईने आवाज ओळखला, तोंड नाही. जवळ येऊन तिने पदराने पोरीचा एक गाल घासला, मग दुसरा. खालची कातडी दिसली तेव्हा घासायची थांबली. "मी तुला बगितलीच नाय गं," म्हणाली.

पोर माझ्याकडे वळली. "बाई, परत एकदा लावतील का नाच? एकदाच."

मी हेडमास्तरांना विचारलं. पाहुण्यांचं भाषण व्हायचं होतं, वेळ होता. त्यांनी पोरीकडे नीट पाहिलं. नाही म्हणायला त्यांना वाईट वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन.

"पण तिचा तर रंग पुसला," ते म्हणाले. "आता कशी उभी करायची?"