बिनमोटरीचा कूलर

पाथरीच्या बन्सीधरांचं घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. एसटीच्या आगारात तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करून ते रिटायर झाले, आणि आता कुणाला काय मदत द्यायची यात चर्चच्या मंडळीत त्यांचा शब्द चालायचा.

एप्रिलात पाळकांनी उपदेशात सांगितलं, दोन वस्तू असतील तर एक नसणाऱ्याला द्यावी. बन्सीधरांकडं नेमके दोन कूलर होते. जुन्याची पाण्याची मोटर दोन उन्हाळ्यांपासून जळालेली, नुसता गरम वारा फेकायचा. तोच त्यांनी धुऊनपुसून पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर मंडळीतल्याच, धुणीभांडी करणाऱ्या बबिताला दिला. फोटो निघाले. "मोटर तेवढी बघून घे," हे ते हळूच बोलले, ते टाळ्यांत विरून गेलं.

पंधरा दिवसांनी बबिताच्या घरावरून जाताना त्यांना कूलर दिसेना.

"विकलास का काय?"

"न्हाई हो काका. पलीकडच्या सुकेशनीताईला दिला. त्यांची लेक बाळंत झाली, घर पत्र्याचं. माज्याकडं पंखा हाय की. पंखा अन् कूलर, दोन झाले न्हाईत का?"

बन्सीधरांना राग आला. दिलेली वस्तू परस्पर दुसऱ्याला, तीही मंडळीबाहेर, बौद्धाच्या घरी. पण फक्त मंडळीतल्यालाच द्या, असं पाळक म्हणाल्याचं त्यांना काही केल्या आठवेना. तरी जाब विचारायला ते सुकेशनीच्या दारात गेले. ती तांब्यानं कूलरच्या गवतावर पाणी ओतत होती. शेजारी दहा दिवसांचं लेकरू झोपलेलं.

ते तसेच मागं फिरले आणि तासाभरात नवी मोटर अन् पक्कड घेऊन आले. वीस मिनिटांत गवतावरून पाणी झिरपू लागलं.

"बबितानं धाडलं का तुमाला?" सुकेशनीनं चहा दिला. "कुण्या मोठ्या माणसानं दिला म्हणं तिला हा कूलर. घरातली अडगळ काढायची अन् वरून फोटो काढायचे."

"असतात असे लोक," बन्सीधर म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

"समोरच्या कस्तुराबाईचा पंखा बी बंद हाय. बघता का? काय मजुरी होईल ती सांगा."

मजुरी न सांगता बन्सीधर उठले. ही गोष्ट रविवारी मंडळीत सांगायची त्यांना लय इच्छा होती. पण मग जळक्या मोटरीपासूनच सुरुवात करावी लागली असती. ते कस्तुराबाईकडं निघाले.