शिवदास मेस्त्रीचं गाऱ्हाणं

स्लॅबवर चढताना शिवदास मेस्त्री चपला खाली काढून ठेवायचा. देवळात शिरल्यासारखा. लोकांना वाटायचं, भक्ती आहे. भक्ती कसली! उघड्या तळव्याला सळई कळते, चपलेला कळत नाही, एवढंच. सळयांच्या जाळीवरून तो बदकासारखा डुलत चालायचा आणि जिथे बांधणीची तार ढिली लागेल तिथे उभा राहून बिगाऱ्याच्या सात पिढ्या काढायचा. एकदा खडीत माती दिसली म्हणून त्याने एका पोटुशा बाईला भर दुपारी सगळा ढीग पुन्हा चाळायला लावला. बाई चक्कर येऊन पडली. शिवदास म्हणाला, "तिला उचला. आणि खडी पण उचला."

कणकवलीकडचा माणूस. गवंड्याच्या हाताखाली आला, मुकादम झाला, परीक्षा देऊन सुपरवायझरचं लायसन काढलं. स्लॅब ओतायच्या आधी अशा लायसनवाल्या खाजगी माणसाने सळया बघायच्या, काम बरोबर आहे अशी सही द्यायची, त्या सहीवर पुढचा मजला चढायचा. आता हा लायसनवाला नेमायचा कोणी? बिल्डरने. पोसायचा कोणी? बिल्डरनेच. म्हणजे ज्याच्या म्हशीचं दूध तपासायचं, त्याच्याच पडवीत बसून चहा प्यायचा. बोरीवली-कांदिवलीत शिवदास असा पाच-सहा जणांचा चहा प्यायचा. तरी नाव कडक होतं, कारण बिगाऱ्यांवर ओरडायला बिल्डरची हरकत नसते.

ब्याऐंशी साली बोरीवली पूर्वेला श्यामसुंदर सामंताची चार मजली बिल्डिंग चढत होती. सामंतही कोकणातलाच. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतायचा दिवस होता. शिवदासने सकाळीच सगळी जाळी पायाखालून घातली. पूर्वेची बाल्कनी त्याने दोनदा बघितली. बाल्कनी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. त्याला खालून आधार नाही. त्याचं बळ वरच्या अंगाच्या सळयांत. त्या वरच राहिल्या पाहिजेत. खाली दबल्या की वरून काँक्रीट कितीही ओता, तो हात कधीतरी निखळायचा.

सळया वर होत्या. शिवदासने मान हलवली.

मग सामंत म्हणाला, "मेस्त्री, आज नारळ तुमीच ठेवा. गाऱ्हाणा तुमच्या तोंडातसून ऐकाक बरा वाटता."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं, ते घालायचं उगवतीला तोंड करून. उगवतीला बाल्कनी. शिवदास पुढे झाला, त्याच्या मागे सामंत, सामंताचे आईबाप, बायको, मेव्हणे, गवंडी, बिगारी, पलीकडच्या बिल्डिंगचा वॉचमन, सगळे बाल्कनीच्या जाळीवर दाटीने उभे राहिले. शिवदासने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा," आणि माणसं एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा." तो आवाज अंगावर आला तसा शिवदास फुलला. गावाकडे गाऱ्हाण्याचा मान देवस्थानच्या घाडी लोकांचा, याला तिथे मागच्या रांगेत उभं करीत. इथे याच्या एकेका वाक्याला सगळा स्लॅब हुंकार देत होता. गावचा देव झाला, वाटेतला झाला, समुद्राचा, सिमेंटचा, मिक्सरचा. एकही सोडला नाही.

नारळ फुटला, माणसं पांगली. शिवदासने पाय टाकला, तो तळव्याला जाळीखालची गार फळी लागली. सळया वाकून पार फळ्यांना टेकल्या होत्या.

"शेठ, बाल्कनीच्या सळया दबल्या. मिक्सर थांबवा, उचलून घेतो."

"हंय गाऱ्हाणा कोणी घातला?"

"मीच."

"मग एवढा लांबवलात कित्याक? मिक्सर सुरू झालो. आता थांबवलो तर माल घट होतलो." सामंताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बायलेक घर व्हया म्हणीत होतात ना तुमी हंय?"

शिवदासने चपला पायात घातल्या आणि सही केली.

घर मिळालं. सामंत विनोदी माणूस. त्याने शिवदासला दुसऱ्या मजल्यावरचं नेमकं तेच, पूर्वेच्या बाल्कनीचं दिलं. "घाला थंय रोज गाऱ्हाणा," म्हणाला.

शिवदासच्या बायकोने, शेवंतीने, चाळीत अर्धं आयुष्य काढलेलं. बाल्कनी बघून तिला गावच्या घरापुढचं खळं आठवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर दाराला खिळे.

"थंय पाय ठेवचो नाय," शिवदास म्हणाला. "थंय गाऱ्हाणा घातलेला आसा. देवाची जागा ती."

"देवाची जागा, तर खिळे कित्याक? देव पळान जातलो?"

पण शेवंती देवभोळी. आधी तिने बंद दारापुढे दिवा लावला. मग तिच्या डोक्यात आलं की देवाची जागा रिकामी कशी ठेवायची, तिथे सिमेंटचं तुळशीवृंदावन पाहिजे, मोठं, चार बाजूंना कोनाडे असलेलं. आणायला माणूससुद्धा सांगून आली. त्या दिवशी शिवदास जेवला नाही.

तळमजल्यावर मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीला लागून, जानकी राहायची. नवरा दशरथ गिरणीत खोकून खोकून गेला, पदरात एक मुलगी, सुगंधा. गिरणीचं जे काय मिळालं त्यात ही दिवसाही दिवा लागणारी खोली. शिवदास तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"जानकी, माझे गुडघे गेले. जिनो चढाक होणा नाय. तुझी खोली माका दी, माझी तुका."

जानकीला वाटलं, थट्टा आहे. खरं आहे असं कळल्यावर ती त्याच्या पायावर पडली. त्या पायांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी तिला आशीर्वाद घेऊ दिला.

शेवंती भांडी घेऊन खाली उतरली. "खुराड्यातसून काढलात नी बिळात घातलात," एवढंच बोलली. नंतर कामापुरतं.

जानकीने खिळे उपटले. बाल्कनीत कोकमाची सोलं सुकू लागली, दांडीवर चादरी आल्या, सुगंधा तिथे बसून केस विंचरू लागली. शिवदास जातायेता वर बघायचा. तिसऱ्या वर्षी भिंतीच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसली. पुढच्या पावसाळ्यानंतर तीत रुपया उभा राहिला असता. इकडे नव्या इमारती उठत होत्या, शिवदासच्या सह्या चालू होत्या, एकही स्लॅब त्याने चपला घालून तपासला नाही.

सुगंधाला कांदिवलीचं स्थळ आलं. मुलाचे वडील विद्याधर परब बघायला आले, खुर्ची उचलून थेट बाल्कनीत बसले, वारा खाल्ला आणि म्हणाले, "जागा झकास आहे." तिथेच जमलं.

साखरपुड्याला जानकीने सामंतशेठलाही बोलावलं. शिवदासला तर आग्रहाने. "भाऊजी, गाऱ्हाणा तुमीच घालूचा. नी थंयच, बाल्कनीत. शेवंतीवयनी सांगीत होती, देवाची जागा ती."

परब, त्यांचे भाऊ, नवरामुलगा, सुगंधा, बायका, सगळे बाल्कनीत दाटले. शिवदास नारळ घेऊन उंबऱ्यावर थांबला.

"पुढे या मेस्त्री, उगवतीला व्हा," परब म्हणाले.

"हंयसरसून बरा."

"घाबरता काय मेस्त्री? आम्ही धरतो तुम्हाला." माणसं हसली.

शेवंती त्याच्या पायांकडे बघत होती. अंगठे उंबऱ्याच्या लादीला कावळ्याच्या नख्यांसारखे घट्ट. भरवसा नसेल तिथे हा माणूस वजन टाकत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक.

"भायर येवा," ती म्हणाली.

"गुडघो दुखता."

"दोन जिने चढताना नाय दुखलो तो?"

शिवदासने तिच्याकडे बघितलं नाही. आत खुर्चीवर बसलेल्या सामंताकडे बघितलं. सामंत सरबताचा ग्लास बोटांनी फिरवत होता.

शेवंती बाल्कनीत गेली. "सगळी भितूर सरा," ती म्हणाली. "देवाक जागा व्हयी." एकेकाला तिने हाताला धरून आत घातलं. मग एकटी पार कठड्याशी जाऊन उभी राहिली. "घाला गाऱ्हाणा. मी हंय आसय."

'आत ये' एवढे दोन शब्द पुरले असते. पण त्या दोन शब्दांनंतर 'का' आलं असतं, आणि 'का'च्या मागून लायसन गेलं असतं.

"बा देवा म्हाराजा," शिवदास म्हणाला.

"व्हय म्हाराजा."

"ह्या घराची रखवाली कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तिसरं वाक्य त्याने घातलं नाही. शेवंतीने एकदाही व्हय म्हटलं नाही. ती आत आली, दार लावलं, कडी घातली आणि विचारलं, "गो जानकी, खिळे खंय ठेवलस ते?"

जानकीने दाराकडे बघितलं. मग शिवदासच्या पायांकडे. ती त्याच्या जवळ आली, नारळ घ्यायला आल्यासारखी.

"नी तां माका दिलात?"

"सोयरीक कशार जमली ती बघ," शिवदास तितक्याच हळू म्हणाला.

"काय झालं? दार का लावलं?" परबांनी विचारलं. "हवा बरी येत होती."

जानकीने पदराने तोंड पुसलं. एकदा सुगंधाकडे बघितलं. सुगंधाच्या बोटात अंगठी अजून नवी होती, ती फिरवून बघत होती.

"काय नाय, व्याहीबुवा," जानकी हसून म्हणाली. "आता थंय गाऱ्हाणा घातला. आतापासून ती देवाची जागा. थंय कोण पाय ठेवणा नाय."

"बरोबर," सामंत म्हणाला आणि सरबत संपवलं.

शेवंती कोणाशी न बोलता जिना उतरून गेली. जानकीने नारळ फोडला, वाट्या केल्या, खोबऱ्याचा पहिला तुकडा मानाने शिवदासच्या हातावर ठेवला. त्याने तो उंबऱ्यावर उभ्या उभ्याच खाल्ला.