कॉफी समोरची, बसायला मात्र तनुजाताईंकडे

मंडळी, आज सकाळी कसबा बावड्यात जे बघितलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

तिथं तनुजाताईंचं छोटं कॉफी शॉप आहे. महिन्यापूर्वी अगदी समोर एका मोठ्या ब्रँडचं चकचकीत दुकान उघडलं, तेव्हापासून ताई धास्तावलेल्या. त्यात आज त्यांचं मशीनच बंद पडलं. मेकॅनिक दुपारी येणार होता. शेवटी ताईच पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "आज समोर जावा, कॉफी मिळंल."

आम्ही सातआठ जण उठून गेलो. मला वाटलं, आता ही गिऱ्हाइकं परत कशाला येतात!

दहा मिनिटांत साखर कारखान्यातून निवृत्त झालेले पाटीलकाका समोरचा कागदी कप घेऊन रस्ता ओलांडून आले आणि ताईंच्याच बाकड्यावर बसले. त्यांच्यामागं आणखी चौघं. मग मीसुद्धा.

ताई चक्रावल्या. "अवो काका, तिथं एसी हाय की!"

"हाय की! पण तिथं कपावर लिवायला नाव विचारत्यात. हितं चार दिवस आलो न्हाय, तर तुझा घरी फोन आलता."

"गप बसा," म्हणत ताई आत वळल्या आणि त्यांनी पातेल्यात कॉफी उकळायला ठेवली. आम्ही सगळ्यांनी दुसऱ्यांदा कॉफी प्यायली.

खरंच विचारतोय, तुम्ही नेहमी जिथं जाता, तिथं चार दिवस दिसला नाहीत तर कुणाला चुकल्यासारखं वाटेल का?