पावणेदोनला जागा होणारा कॉम्प्युटर

दवाखान्यात सगळे तिला फाइलताई म्हणत. कॉम्प्युटर यायच्या आधी सतरा वर्षं पेशंटचे कागद तिच्याच ताब्यात होते. नाव अर्धं कानावर पडलं की ती उठून नेमकी फाइल काढून आणायची. कुणाला काय झालंय हे तिला तोंडपाठ होतं. पण त्यातलं अक्षरही तिने कधी नवऱ्याजवळसुद्धा काढलं नव्हतं.

म्हणून सोमवारी डॉक्टरांनी खोलीचं दार लोटून घेत विचारलं, "ताई, जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर काय बघता?" तेव्हा तिला आधी कळलंच नाही.

"काही नाही. एक वाजता त्याला स्लीपवर टाकते आणि मागच्या खोलीत डबा खाते."

"मी तीनदा बघितलंय. पावणेदोनच्या सुमारास वरच्या घरातून खाली आलो, तर स्क्रीन चालू आणि पेशंटची यादी उघडी. त्या वेळी इथे तुमच्याशिवाय कुणी नसतं." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "शिंप्याच्या बायकोचा रिपोर्ट बाहेर फुटलाय. शुक्रवारपर्यंत खरं काय ते सांगा. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

ती बाहेर आली तर सिस्टर मान खाली घालून बँडेज गुंडाळत बसलेली. एरवी दिवसभर बडबडणारी बाई, पण वर बघायला तयार नाही.

संध्याकाळी घरी जाताना तिने धाकट्या दिराला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"भावोजी, स्लीपवर टाकलेला कॉम्प्युटर आपोआप जागा होतो का हो?"

"होतो की वहिनी. टेबलाला धक्का लागून माऊस हलला तरी होतो. नेटवर्कच्या वायरीतून कुणी हाक मारली तरी होतो. पासवर्ड नसेल, तर झोपवताना जे उघडं होतं तेच परत समोर येतं. रोज एकच गोष्ट काढून बघा. दोन एकदम काढल्यात तर चोर कोण ते कळायचं नाही."

मंगळवारी तिने माऊस काढला आणि डबा न उघडताच समोर बसली. पावणेदोनला आतला पंखा घरघरला आणि स्क्रीन उजळली. हात मांडीवर होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पण हे सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार?

बुधवारी माऊस परत लावून कीबोर्ड काढला. तरी तेच. गुरुवारी कीबोर्डही परत लावून नेटवर्कची वायर उपसली आणि तिचं टोक मुठीत धरून बसली. पावणेदोन झाले. दोन वाजले. स्क्रीन काळीच.

शुक्रवारी तिने वायर पुन्हा जोडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टरांच्या घराचा जिना चढली. ते जेवत होते.

"हात धुवा आणि खाली चला," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिलाच ओळखू येईना.

डॉक्टर खुर्चीवर बसले, ती भिंतीला टेकून उभी राहिली. पंखा घरघरला, यादी समोर आली. डॉक्टर दचकून मागे सरले.

तिने दिराला फोन लावून स्पीकरवर टाकला. त्याने डॉक्टरांना स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप करायला सांगितली. कॉम्प्युटर कुणी उठवला त्याचं उत्तर आलं: नेटवर्क कार्ड.

"वायरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे?" दिराने विचारलं.

दुसऱ्या टोकाला होता डॉक्टरांच्याच खोलीतला कॉम्प्युटर. त्यांनी महिन्याभरापूर्वी त्यात एक प्रोग्राम टाकला होता. गर्दी नसते म्हणून तो रोज पावणेदोनला फाइलताईचा कॉम्प्युटर उठवून एक्स-रेच्या प्रती काढून घ्यायचा.

डॉक्टरांचे कान लाल झाले. "मीच लावला होता. डोक्यातून साफ गेलं. माझं चुकलं, ताई."

"ते सिस्टरांसमोर सांगा."

अडीचला सिस्टर आली तेव्हा त्यांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं. मग दिराला विचारत नेटवर्क कार्डाची कॉम्प्युटर उठवायची परवानगी काढून घेतली आणि पासवर्ड लावला.

शिंप्याच्या बायकोची गोष्ट कुठून फुटली ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे कित्येक महिने ती तपासून घ्यायला आली की फाइलताईकडे न बघताच सरळ आत जायची. फाइलताई तिची फाइल उघडून द्यायची आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारायची.